‘ग’चं पुस्तक

माझ्या आत्याला आमच्या भागात कुणी नावानं ओळखत नसे. बालवर्गातली मुलं तिला ‘आवाजबाई’ म्हणायची. मुलांचं ऐकून त्यांचे आईबाप तेच म्हणू लागले, मग भाजीवाला, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा. ‘आवाजबाई, घड्याळवाल्याच्या वर’ एवढ्या पत्त्यावर तिला पत्रं येत. घड्याळवाले म्हणजे माझे बाबा, तिचे थोरले भाऊ. खाली दुकान, वर दोन खोल्या. आई गेल्यावर एका खोलीत बाबा आणि मी, आणि दुसरीत आत्या आणि तिचे पुठ्ठे, अशी वाटणी झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, “एकवीस पोरं आहेत मला, तीही दरवर्षी नवीकोरी. अजून किती ठेवू?”

सव्वीस वर्षं ती एकाच शाळेत, एकाच खोलीत, चार-पाच वर्षांच्या मुलांना वाचायला शिकवत होती. अक्षर गिरवून घेण्याची तिला घाई नसायची. आधी आवाज. ‘फ’ म्हणताना तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी कशी हलते, ‘प’ म्हणताना कशी कमी हलते, ‘म’ म्हणताना नाक दाबलं तर काय गंमत होते, हे सगळं ती मुलांकडून करवून घ्यायची. मग दोन आवाज जवळ आणायचे, हळूहळू, दोन डबे जोडावेत तसे. न… ळ. नळ. आपण जे बोललो तेच कागदावर आहे, हे ज्या क्षणी मुलाला कळायचं, तो क्षण ती बरोबर ओळखायची. “डोळे मोठे होतात बघ,” ती मला सांगायची, “आणि मग मूल आधी माझ्याकडे बघतं. मी चोरी पकडल्यासारखं.”

त्यासाठी ती स्वतः पुस्तकं बनवायची. वाळूच्या कागदाची अक्षरं, बोट फिरवायला. पानावर छोटी दारं, उघडली की आत बदक नाहीतर मगर. ओढायच्या पट्ट्या, फिरवायची चक्रं. घरात जेवायच्या टेबलावर कायम डिंक असायचा. बाबा म्हणायचे, “एक दिवस माझं ताट टेबलाला चिकटणार आहे.”

मग शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. शैक्षणिक साहित्याच्या एका प्रदर्शनात आत्याला घेऊन गेल्या, आणि तिथे आत्यानं ती बोलकी पुस्तकं पाहिली. प्रत्येक अक्षराचं एक, बत्तीस पुस्तकांचा संच. जाड, गुळगुळीत पानं. चित्रावर बोट दाबलं की आतून एका बाईचा गोड आवाज यायचा, “ग्… ग्… गाय.” आवाज अगदी शुद्ध, शेवटी ‘अ’ची शेपटी न लावता, आत्या वर्षानुवर्षं म्हणत होती तसाच. ती हरखून गेली. एकवीस मुलं आणि एक घसा, हे गणित तिला रोज सोडवावं लागत होतं. आता ती एका मुलाबरोबर बसली तरी बाकीच्यांना पुस्तक शिकवणार होतं. तिनं संस्थेकडे अर्ज केला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा केला. मग तिसरा.

पुस्तकं आली त्या दिवशी ती ‘ग’चं पुस्तक बाबांना दाखवायला दुकानात घेऊन आली. मी तेव्हा दुकानात बसायला लागले होते. बाबांनी पुस्तक उघडलंच नाही. सवयीनं आधी उलटं केलं, मागचं झाकण बघितलं आणि त्यात अंगठ्याचं नख घातलं. झाकण टुक् करून निघालं आणि आतून एक चपटा, चकचकीत सेल कामाच्या टेबलावर पडून गोल गोल फिरला.

“याला स्क्रू नाही,” बाबा म्हणाले.

“नसेल. मुलं कशाला मागून उघडतायत?”

“तू कधी मुलं पाहिली आहेस का गं?” बाबा म्हणाले. मी हसले, आत्याही हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी वरून कच्चा बटाटा मागवला, त्याची चकती कापली, तो सेल चकतीवर ठेवला आणि कामाला लागले. तासाभरानं आम्हाला हाक मारली. सेलच्या कडेनं बटाटा काळा पडला होता, मऊ, ओला, बोट लावलं की खचेल असा. बारीक फेस आला होता.

“याला ओल मिळाली की हा कामाला लागतो,” बाबा म्हणाले. “हा बटाटा आहे. अन्ननलिका याहून नाजूक असते. मी हे सेल कुलपात ठेवतो ते काही चोरांच्या भीतीनं नाही.”

दुसऱ्या दिवशी आत्यानं मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी खोका आणवला, त्यावर छापलेलं वाचून दाखवलं. तीन वर्षांवरील मुलांसाठी सुरक्षित. तरी पुरवठादाराला पत्र लिहिते म्हणाल्या, आणि लिहिलंही. उत्तर येईपर्यंत काय करायचं, ते त्यांनी आत्यावर सोपवलं.

आत्यानं काय केलं, तर बाजारातून रुंद कापडी चिकटपट्टी आणली आणि बत्तीसच्या बत्तीस झाकणांवर आडवी-उभी डकवली. पुस्तकं कपाटात बंद करून ठेवता आली असती. ते तिच्या मनात आलंही होतं, पण मुलं भराभर शिकत होती. ज्यांचं तोंड उघडत नसे तीसुद्धा पुस्तकाबरोबर बोलत होती. “उत्तर आलं की बघू,” ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढे पुन्हा ऐकलं, पण फार वेगळ्या तऱ्हेनं.

त्या वर्गात एक मुलगी होती. जागेवर बसायचीच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वडील बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी. आई गाद्यांच्या खोळी शिवायच्या कारखान्यात. भिंगरीला ‘क’ आणि ‘ग’ म्हणता यायचे नाहीत. जीभ मागे जायचीच नाही, पुढे दातांशी अडकायची. गायीला ‘दाय’, गाडीला ‘दाडी’. चार वर्षांच्या मुलांत हे नेहमीचंच, पण वर्गातली मुलं तिला मुद्दाम विचारायची, “ए, रस्त्यावरून काय चाललंय?” आणि ती ‘दाडी’ म्हणाली की हसून लोळायची. आत्या रागवायची. मग भिंगरीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून म्हणायची, “हे बघ. ‘ग’ दातांत राहत नाही. ‘ग’ इथे राहतो, घशात, खाली. इथून त्याला बाहेर बोलवायचं.” भिंगरी गळ्यातला तो भुंगा बोटांनी चाचपायची, आणि मग ‘ग’च्या पुस्तकाला कान लावून बसायची. दिवसेंदिवस तेच पुस्तक.

दोन महिने गेले. पुरवठादाराचं उत्तर नाही. पुस्तकांचे सेल मात्र उतरायला लागले. तो गोड आवाज जड होऊ लागला, खाली घसरू लागला. ‘झ’चं पुस्तक तर म्हातारा पुरुष घोगऱ्या आवाजात काहीतरी मागतोय असं ओढत बोलायचं. काही पुस्तकं कुणी न दाबताही बोलायची. एके दुपारी शाळा सुटल्यावर झाडणाऱ्या मावशी खोलीत असताना बंद कपाटातून “ग्… ग्… ग्…” असं सुरू झालं. मावशी झाडू टाकून बाहेर आल्या. “कपाटात बाई आहे,” त्या म्हणाल्या, “आणि तिचा घसा धरलाय.” सगळ्या शिक्षिका हसल्या. आत्यानं घरी येऊन आम्हालाही सांगितलं, हसत हसतच.

“पट्ट्या सुटतायत,” ती मग म्हणाली. “कडेला धूळ बसते आणि वळतात. मी दर शनिवारी नव्या लावते. पण माझ्या मनात पाल चुकचुकते आहे, दादा.”

“मग काढून टाक ती पुस्तकं.”

“सोमवारी मोठ्या बाईंशी बोलते.”

सोमवारी मोठ्या बाई कसल्याशा बैठकीला गेल्या होत्या. मंगळवारी तपासणी होती. बुधवारी आत्या त्यांच्या खोलीपर्यंत गेली, आत पालक बसले होते, परत आली. गुरुवार उजाडला.

गुरुवारचं मी जे सांगते आहे ते आत्याकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ती खोली डोळ्यांसमोर दिसते. साडेनऊला पुस्तकांची वेळ. दहा-वीसला खाऊची सुटी. मुलं हात धुवायला रांगेत गेली आणि आत्या चटईवरची पुस्तकं गोळा करू लागली. गोळा करताना एकेक चित्र दाबून बघायची तिची सवय होती. ‘ख’ बोललं. ‘घ’ बोललं. ‘ग’ बोललं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मग उलटं केलं. पट्टी एका बाजूनं सोललेली होती, नखानं, थोडी थोडी, बरेच दिवस खपून सोलावी तशी. झाकण नव्हतं. आतला गोल खळगा रिकामा होता.

झाकण चटईखाली सापडलं. सेल सापडला नाही. तिनं चटई झटकली, बाकाखाली आडवी पडून पाहिलं, कचऱ्याची टोपली जमिनीवर ओतली, एकवीस दप्तरं उघडली. मुलं हात धुऊन परत आली आणि बाई जमिनीवर रांगतायत हे बघून तीही रांगायला लागली. “कुणी छोटं चमकणारं काही पाहिलं का?” तिनं हसरा चेहरा करून विचारलं. सगळ्यांनी पाहिलं होतं. एकानं चमकणारी मांजर पाहिली होती.

तिनं मोठ्या बाईंना बोलावलं.

“अहो, गेला असेल घरंगळत,” मोठ्या बाई म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. “एकवीस घरांना फोन करून काय सांगायचं? तुमच्या मुलानं कदाचित काहीतरी गिळलंय? हाहाकार होईल. आधी नीट शोधू.”

“शोधण्यात वेळ गेला तर?”

“मग काय करू या, तुम्हीच सांगा.”

आत्याला एकच गोष्ट येत होती. तिनं मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं, आज आवाजांचा खेळ आधी, खाऊ नंतर. एकेकानं जवळ यायचं, तोंड उघडून ‘आ’ म्हणायचं, मग ‘ग’, मग एक घोट पाणी प्यायचं, मग पुन्हा ‘आ’. ती प्रत्येकाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून ऐकत होती. सव्वीस वर्षं ती पोरांचे आवाज ऐकत आली होती. सर्दी कुठली, रडणं कुठलं, आळस कुठला, तिला डोळे मिटून कळायचं. पहिलं मूल ठीक. दुसरं ठीक. सातव्याला खोकला आला तेव्हा तिनं त्याला पुन्हा ‘आ’ म्हणायला लावलं, पण तो पाण्याचा ठसका होता. अकरा, बारा, तेरा. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

भिंगरी आपल्या जागेवर बसून होती. जागेवर बसून होती, हेच आत्याला आधी दिसायला हवं होतं.

“ये गं,” आत्या म्हणाली.

ती आली. फ्रॉकचा गळा ओला होता. तोंड मिटलेलं, आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. आत्यानं ‘आ’ म्हणायला सांगितलं. तिनं मान हलवली. पेला पुढे केला, तिनं तो ढकलला.

“कुठे दुखतंय?”

भिंगरीनं गळ्याच्या खालच्या खळग्यावर बोट ठेवलं. तेच बोट, तीच जागा. मग अगदी हळू, चिखलातून यावा तशा ओल्या आवाजात म्हणाली, “मी आवाज खाल्ला.”

“कुठला आवाज, बाळा?”

“पुस्ततातला. आता तो इथे राहील.” आणि रडायला लागली, कारण तो तिथे राहिला होता आणि दुखत होता.

आत्या मला नेहमी सांगते की त्या क्षणी तिच्या मनात कसलाच विचार आला नाही. विचार नंतर आले, आणि मग कायमचे. त्या क्षणी तिनं मुलीला उचललं, मोठ्या बाईंना म्हणाली, “मुलांच्या दवाखान्यात फोन लावा आणि माझ्या कानाला धरा.” पलीकडच्या नर्सनं दोन प्रश्न विचारले. मग सांगितलं, ताबडतोब आणा, उलटी करवू नका, खायला काही देऊ नका, मध हाताशी असेल आणि ती गिळू शकत असेल तर दोन चमचे द्या, पण त्यासाठी थांबू नका. मध मोठ्या बाईंच्याच टेबलाच्या खणात होता, घशासाठी. त्यांनी तो स्वतः भरवला. घाईत अर्धा मध मुलीच्या गालाला लागला.

“आईला विचारल्याशिवाय तुम्ही कशा नेणार?” हेही त्यांनीच विचारलं, चमचा हातात धरून.

“आईचा फोन कारखान्याच्या कपाटात आहे. तुम्ही तिथल्या साहेबाला गाठा. मी जाते.”

टॅक्सीतून तिनं दुकानात फोन केला. एवढंच म्हणाली, “दादा, तसलाच एक सेल घेऊन ये.” बाबांनी मला काही सांगितलं नाही. कुलूप उघडलं, सेल पाकिटात घातला, आणि आम्ही दुकान तसंच टाकून निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या नोंदणीच्या खिडकीशी भांडत होती. आतला कारकून म्हणत होता, “नाणं गिळलं ना? रांगेत बसा, नाणी पडतात आपोआप.” आत्या आयुष्यात कुणावर ओरडलेली मी पाहिली नव्हती. ती ओरडलीही नाही. तिनं भिंगरीला त्या खिडकीच्या फळीवर, त्याच्या कागदांवर बसवलं आणि म्हणाली, “नाणं नाही. सेल आहे. ती आतून भाजते आहे, आत्ता, तुमच्या समोर.” बाबांनी पाकिटातला सेल काढून शेजारी ठेवला. कारकून उठून आत गेला.

क्ष-किरणांच्या चित्रात छातीच्या वर, मधोमध, एक पांढरा गोल दिसत होता. डॉक्टरबाईंनी चित्र उजेडाला धरलं आणि त्या गोलाच्या आतली दुसरी बारीक कडा बोटानं दाखवली. “नाण्याला ही कडा नसते,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी आम्हाला नाही, नर्सला सांगितलं. त्या दोघी धावत गेल्या. दवाखान्यात डॉक्टर धावतात तेव्हा काय वाटतं ते मी लिहू शकत नाही.

साडेबाराच्या सुमारास सेल बाहेर आला. एका वाटीत घालून त्यांनी तो दाखवला. एक बाजू चकचकीत, दुसरी जळकी.

“अडीच तास, फार तर पावणेतीन,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “संध्याकाळी कळलं असतं तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते.”

“म्हणजे आता ती बरी आहे?” आत्यानं विचारलं.

“आता सेल बाहेर आहे. जखम आतच आहे. ती पुढचे काही दिवस खोल जात राहते, आणि तिच्या शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे.” त्यांनी आवाज उतरवला. “तीन-चार आठवडे. रक्ताचा एक थेंब दिसला तरी वाट बघायची नाही.”

भिंगरीची आई तेवढ्यात आली. निळा एप्रन तसाच, गळ्यात मोजायची फीत, केसांत कापसाचे तंतू. तिनं आधी मुलीला काचेतून पाहिलं. मग आमच्याकडे वळली.

“पुस्तकातला सेल, म्हणाले. शाळेत असली पुस्तकं कुणी आणली?”

मोठ्या बाई तिथे होत्या. बाबा होते. संस्थेचा एक माणूसही आला होता. आत्या म्हणाली, “मी मागवली. तीनदा अर्ज केला.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. झाकण निघतं हे माहीत होतं. मी पट्टी लावली होती.”

बाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग गळ्यातली फीत काढून मुठीत गुंडाळू लागली, घट्ट, आणखी घट्ट. “पट्टी,” ती म्हणाली.

आठवड्यानं मोठ्या बाई आमच्या घरी आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला सांगायला हवं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्या घाबरल्या होत्या. टाइप केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. मुलीनं सेल घरून आणला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. “शक्यताच म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “तुमचंही भलं आहे यात. तुम्ही ‘उत्तर आलं की बघू’ म्हणालात, ते मी कुणाला सांगणार नाही.”

“मीच सांगणार आहे,” आत्या म्हणाली. “उत्तर आलं की बघू. हेच लिहिणार आहे, पहिल्या ओळीत.” तिनं आपल्या हातानं संस्थेला चार पानं लिहिली. तारखा घातल्या, बटाट्याची गोष्ट घातली, बुधवारी दारातून परत आले तेही घातलं. संस्थेनं तिला वर्गातून काढलं आणि वाचनालयात पुस्तकांना क्रमांक टाकायला बसवलं. महिन्यानं तिनं राजीनामा दिला. पुरवठादारानं काखा वर केल्या.

ते तीन-चार आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आत्या रोज सकाळी दवाखान्यात जायची. भिंगरीची आई तिला आत येऊ देत नसे, म्हणून जिन्याजवळच्या खुर्चीवर बसून नर्सला विचारायची आणि परत यायची. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती तिथे बसलेली असतानाच आतून धावपळ ऐकू आली. भिंगरीला उलटी झाली होती आणि उलटीत लाल धागे होते. तिला जिन्याशेजारूनच पळवत नेलं. आई मागून धावत होती, तिची एक चप्पल निसटून आत्याच्या पायाशी येऊन पडली. आत्या ती चप्पल मांडीवर घेऊन तीन तास बसली. दुपारी आई स्वतः बाहेर आली. रक्तवाहिनी शाबूत होती. जखमेची खपली निघाली होती, तेवढंच. आईनं चप्पल घेतली, पायात घातली, आणि म्हणाली, “आत या.”

भिंगरी वाचली. पण आवाजाच्या एका बाजूची नस कायमची गेली. ती बोलते ते कुजबुजल्यासारखं, भुसभुशीत. लांबून हाक मारता येत नाही, शिटी वाजवून बोलावते. अन्ननलिका जखम भरताना आकसली, म्हणून ती ठरावीक दिवसांनी भूल देऊन रुंद करावी लागते. वाचायला आत्यानंच शिकवलं, दवाखान्याच्या पलंगावर, पुठ्ठ्याच्या पुस्तकांवर. फुंकेचे आवाज तिला उत्तम जमायचे. वर्षभरात ती घडाघड वाचायला लागली, मनातल्या मनात, आणि ओठ न हलवता. ती कुठवर आली ते आत्याला ऐकून कळायचं नाही, तिला विचारून घ्यावं लागायचं.

त्याच काळात आत्यानं बाबांचा छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि गावातल्या नि आसपासच्या बालवर्गांची यादी केली. एकेका शाळेत जाऊन ती विचारायची, तुमच्याकडे बोलकी पुस्तकं आहेत का, मला फक्त मागची बाजू दाखवा. काहींनी चहा देऊन नीट ऐकलं, सेल काढून दिले. काहींना ती विक्रेती वाटली. एका शाळेत शिपायानं तिला फाटकाबाहेर काढलं.

तेविसावी की चोविसावी शाळा असेल. मी तिच्याबरोबर होते. तरुण, हसऱ्या बाई होत्या. त्यांनी लगेच कपाट उघडलं. तोच संच. आत्या एकेक पुस्तक उलटं करत गेली, स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून सेल डबीत टाकत गेली. ‘ट’च्या पुस्तकाशी थांबली. झाकण जागेवर होतं. आत खळगा रिकामा.

“हे कधीपासून बंद आहे?” तिनं विचारलं.

“मी आल्यापासून,” त्या बाई म्हणाल्या. “म्हणजे वर्ष झालं असेल. आधीच्या बाई सोडून गेल्या. कुणी काढला असेल सेल, दुसऱ्या कशाला तरी घालायला.”

“त्या वर्गातलं कुणी मूल मध्येच शाळेतून गेलं का?”

त्या बाईंचं हसू मावळलं. “जातात की मुलं,” त्या म्हणाल्या. “बदल्या होतात, घरं बदलतात. मी त्यांना पाहिलेलं नाही.” हजेरीपट मागितला तेव्हा तो दाखवता येणार नाही म्हणाल्या, नियम आहे. आत्यानं तीन पत्रं पाठवली. उत्तर आलेलं नाही. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसून होती आणि रिकाम्या खळग्याएवढा गोल काचेवर बोटानं पुन्हा पुन्हा काढत होती. मी हात धरला तेव्हा थांबली.

भिंगरी आता आठ वर्षांची आहे. अन्ननलिका रुंद करायला पहिल्यांदा दर तीन आठवड्यांनी न्यावं लागे, आता तीन महिन्यांनी. सकाळी कारखान्यातून सुटी मिळत नाही, म्हणून दुसऱ्याच खेपेला तिची आई आमच्या दुकानात आली. काउंटरपाशी उभी राहून आत्याला म्हणाली, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“माहीत आहे मला.”

“मंगळवारी सात वाजता न्यायचंय तिला. मला दहापर्यंत येता येणार नाही. ती म्हणते, आवाजबाई चालतील.”

तेव्हापासून आत्याच नेते. आई दहा वाजता येते आणि त्या दोघी एकाच बाकावर बसतात. मोसंबी सोलून अर्धी अर्धी खातात, कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल होते, कधीकधी चक्क हसतातही. आतून कुणी बाहेर आलं की दोघींचं बोलणं एकदम तुटतं. प्रत्येक खेपेला नळी फाटण्याची भीती असते. डॉक्टरबाई ती दर वेळी सांगतात आणि आई दर वेळी सही करते. गेल्या मंगळवारी सत्ताविसावी खेप होती. सगळं ठीक झालं. ही शेवटची का, असं आईनं विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि कार्ड आत्याच्या हातात दिलं.